डावा घोटा, तीन व्ह्यू: नव्या मेडिकल कोडरसाठी पहिला चार्ट

समजा, तुमच्या रांगेतला पहिलाच चार्ट असा आहे.

तपासणी: डाव्या घोट्याचा एक्स-रे, एपी (समोरून), लॅटरल (बाजूने) आणि मॉर्टिस व्ह्यू. कारण: घरात जिन्यावरून पडल्या, घोटा दुखतो, सूज आहे, फ्रॅक्चर नाही ना ते पाहणे. निरीक्षण: लॅटरल मॅलिओलसला फ्रॅक्चर, तुकडा जागेवरून सरकलेला नाही. मॉर्टिस शाबूत. बाहेरच्या बाजूला सूज. टाचेच्या हाडाला लहान स्पर (हाडाचं वाढलेलं टोक). इम्प्रेशन (निष्कर्ष): डाव्या लॅटरल मॅलिओलसचं नॉन-डिस्प्लेस्ड फ्रॅक्चर.

हा रिपोर्ट मी शिकवण्यासाठी रचलेला आहे. पण अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांतून असे रिपोर्ट रोज ढिगाने येतात आणि त्यांतल्या निदानाला आणि तपासणीला बिलासाठी ठरलेले कोड लावणाऱ्यांत, म्हणजे मेडिकल कोडरांत, पुण्यात, मुंबईत, नवी मुंबईत बसलेली मराठी मुलंमुली पुष्कळ आहेत. कुणी बी.फार्म. झालेलं, कुणी बीएचएमएस, कुणी माझ्यासारखी फिजिओथेरपी शिकून या कामात आलेली. फ्रेशरना मी नेहमी घोट्यापासून सुरुवात करायला सांगते. सांधा लहान आहे, पण डावं-उजवं, मुरगळणं की मोडणं, सरकलेलं की न सरकलेलं, किती व्ह्यू, कुठला मॉडिफायर (कोडला जोडायची जास्तीची खूण), हे सगळे प्रश्न या एकाच सांध्यात भेटतात. इथे हात बसला की गुडघा आणि मनगट अवघड जात नाहीत.

एक सूचना आधीच देते. कोडमधली अक्षरं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती रोमन लिपीत दिसतील.

काम दोन पुस्तकांवर चालतं. रुग्णाला काय झालं हे आयसीडी-१०-सीएम सांगतं आणि डॉक्टरांनी काय केलं हे सीपीटी सांगतं. अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालं. त्याआधीच्या आयसीडी-९ मध्ये मुरगळलेल्या घोट्याला ८४५.०० असा एक कोड होता आणि त्यात डावा की उजवा हे सांगायची सोयच नव्हती. आता बाजू न लिहिणं ही चूक धरली जाते. आयसीडीचे मुख्य बदल दर १ ऑक्टोबरला लागू होतात. सीपीटी हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं पुस्तक, त्याचे बदल १ जानेवारीला लागू होतात. कोड निवडताना आजची तारीख बघायची नाही, रुग्णाची तपासणी ज्या दिवशी झाली ती तारीख बघायची.

पहिली पायरी: स्वतःचा घोटा चाचपा

खरंच, हात खाली न्या. आतल्या बाजूचा उंचवटा हा टिबियाचा, म्हणजे नडगीच्या हाडाचा खालचा शेवट. तो मीडियल मॅलिओलस. बाहेरचा, थोडा खाली उतरलेला उंचवटा हा शेजारच्या बारीक हाडाचा, फिब्युलाचा शेवट. तो लॅटरल मॅलिओलस. तिसरा, पोस्टेरिअर मॅलिओलस, टिबियाच्या मागच्या काठावर असतो आणि बोटाला लागत नाही. या तिघांच्या कोंदणात टॅलस नावाचं हाड बसतं. त्या कोंदणालाच मॉर्टिस म्हणतात. पाय थोडा आत वळवून काढलेल्या ज्या एक्स-रेमध्ये ते नीट दिसतं, तो मॉर्टिस व्ह्यू.

मराठी माणसाची इथे एक अडचण होते. आपण त्या उंचवट्यालाही घोटा म्हणतो आणि सांध्यालाही. ‘लचक भरली’ हेही आपण लिगामेंटबद्दल (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) म्हणतो, तसंच स्नायूबद्दलही. कोडिंगमध्ये लिगामेंट ताणलं तर स्प्रेन, आणि घोट्याचे कोड एस९३.४ खाली. स्नायू किंवा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ताणलं तर स्ट्रेन, आणि ते घोटा-पावलाच्या पातळीवर एस९६ मध्ये, तर अकिलीस टेंडन एस८६.० मध्ये. इंग्रजी शब्दांत एका अक्षराचा फरक, पण कोडचं घर वेगळं. म्हणून हे दोन शब्द वाचताना बोट ठेवून वाचा.

लिगामेंट्सची नावंही पाठ हवीत. बाहेरच्या बाजूला पुढचं टॅलोफिब्युलर, मधलं कॅल्केनिओफिब्युलर, मागचं टॅलोफिब्युलर. आतल्या बाजूला पंख्यासारखं पसरलेलं डेल्टॉइड. आणि टिबिया-फिब्युलाला वरून बांधणारं टिबिओफिब्युलर, ज्याच्या इजेला डॉक्टर ‘हाय अँकल स्प्रेन’ म्हणतात. पाऊल आत वळून मुरगळलं की बहुधा पहिला मार पुढच्या टॅलोफिब्युलरला बसतो.

दुसरी पायरी: कोड शोधण्याआधी रिपोर्ट पूर्ण वाचा

माझं सगळं शिकवणं या एका पायरीभोवती आहे. नवा कोडर ‘कारण’ या ओळीतला ‘फ्रॅक्चर’ शब्द बघतो आणि लगेच एस८२ उघडतो. तिथे तर डॉक्टरांनी शंका विचारली होती! बाह्यरुग्ण कोडिंगमध्ये ‘संभाव्य’, ‘शंका आहे’, ‘नाही ना ते पाहणे’, ‘शी सुसंगत’ अशा शब्दांनी आलेलं निदान कोड करायचं नसतं. आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांच्या चौथ्या विभागात हे स्पष्ट लिहिलं आहे. याच विभागात पुढे असंही आहे की डॉक्टरांनी वाचलेला अंतिम रिपोर्ट हाताशी असेल तर त्यातलं पक्कं निदान घ्यायचं आणि त्याच निदानाची लक्षणं वेगळी लावायची नाहीत.

म्हणून वाचण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी इम्प्रेशन, मग निरीक्षण, शेवटी कारण. आपल्या चार्टमध्ये इम्प्रेशनला पक्कं फ्रॅक्चर आहे. दुखणं आणि सूज हे त्या फ्रॅक्चरचेच भाग, ते गळाले. टाचेचा स्पर योगायोगाने सापडला आहे. तो द्यायचा असेल तर दुय्यम म्हणून, डाव्या पायासाठी एम७७.३२.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर? तेव्हा मात्र ‘कारण’ ही ओळ कामाला येते. तिथे डाव्या घोट्याचं दुखणं लिहिलं असेल तर एम२५.५७२, उजव्याचं असेल तर एम२५.५७१. फक्त ‘घोट्याला इजा’ एवढंच असेल तर एस९९.९११ए उजव्यासाठी, एस९९.९१२ए डाव्यासाठी (शेवटच्या ‘ए’बद्दल तिसऱ्या पायरीत). नॉर्मल एक्स-रेवर ‘स्प्रेन’ लावण्याचा मोह फार होतो, कारण पाय मुरगळला होता हे दिसत असतं. पण स्प्रेन हे निदान आहे आणि ते डॉक्टरांनी लिहिलं पाहिजे. आपण फिजिओ असू, बीएएमएस असू, आपल्याला चित्र समजत असेल, तरी त्या खुर्चीत बसून निदान करायचा अधिकार आपल्याला नाही. वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना ही गोष्ट सर्वांत जड जाते. मलाही गेली.

तिसरी पायरी: निदानाचा कोड

आधी अल्फाबेटिक इंडेक्स (निदानांच्या नावांची अक्षरक्रमाने यादी), मग टॅब्युलर लिस्ट (कोडच्या क्रमाने यादी). हा क्रम कधीही मोडू नका, सॉफ्टवेअरने कितीही झटपट सुचवलं तरी.

स्प्रेनमध्ये पाचवं अक्षर लिगामेंट सांगतं आणि सहावं बाजू: १ उजवी, २ डावी. एस९३.४१ कॅल्केनिओफिब्युलर, एस९३.४२ डेल्टॉइड, एस९३.४३ टिबिओफिब्युलर. कुठलं लिगामेंट ते लिहिलंच नसेल तर एस९३.४०, म्हणजे उजव्याला एस९३.४०१ए. आता एक खोच. सर्वांत जास्त इजा होणाऱ्या टॅलोफिब्युलरला स्वतःचा कोड नाही. ते ‘इतर लिगामेंट’मध्ये, एस९३.४९ खाली बसतं. नाव लिहिलेलं असताना एस९३.४०१ लावलेले चार्ट मी दर आठवड्याला परत पाठवते. कोडरला नाव इंडेक्समध्ये चटकन दिसत नाही आणि तो ‘अनिर्दिष्ट’कडे वळतो. लिगामेंट पूर्ण फाटलं असेल तरी वेगळं घर शोधू नका; एस९३ च्या समावेशक टिपेत फाटणं, तुटणं हेही आहे. जुनी, वारंवार मुरगळणारी अस्थिरता मात्र इथे येत नाही. ती प्रकरण १३ मध्ये, एम२५.३७ खाली जाते.

फ्रॅक्चरसाठी एस८२. मीडियल मॅलिओलस एस८२.५, लॅटरल एस८२.६, दोन्ही मोडले तर बायमॅलिओलर एस८२.८४, तिन्ही मोडले तर ट्रायमॅलिओलर एस८२.८५. पिलॉन (टिबियाच्या सांध्याकडच्या टोकाचं फ्रॅक्चर) एस८२.८७. नुसतं ‘घोट्याचं फ्रॅक्चर’ लिहिलं असेल तर एस८२.८९. बाय किंवा ट्राय असेल तेव्हा प्रत्येक मॅलिओलस सुटा कोड करत बसायचं नाही, एकच संयुक्त कोड. टॅलस आणि पावलाची हाडं एस९२ मध्ये. इथे एक जागा हमखास फसवते: पाचव्या मेटाटार्सलचा (करंगळीमागच्या लांब हाडाचा) तळ. पाय तसाच मुरगळतो, रुग्ण ‘घोटा’ म्हणतो, ऑर्डरही घोट्याची असते, आणि मोडलेलं असतं पावलाचं हाड. तेव्हा कोड एस९२.३५ खाली.

आपला चार्ट: डावा लॅटरल मॅलिओलस, न सरकलेला. एस८२.६५. पाचच अक्षरं झाली आणि सातवं अक्षर तर हवंच, म्हणून सहाव्या जागी एक्स ठेवायचा: एस८२.६५एक्सए. हा एक्स विसरला की क्लेम (विमा कंपनीकडे केलेली पैशांची मागणी) दारातूनच परत येतो.

दोन नियम पाठ करून टाका. फ्रॅक्चर उघडं की बंद हे लिहिलं नसेल तर बंद धरायचं. सरकलेलं की नाही हे लिहिलं नसेल तर सरकलेलं धरायचं. दुसरा नियम मनाला उलटा वाटतो. चांगल्या बाजूने धरावं असं वाटतं, पण नियम तसाच आहे.

वयाकडेही लक्ष द्या. मुलांच्या वाढीच्या पट्टीतलं साल्टर-हॅरिस फ्रॅक्चर एस८२ मध्ये येत नाही. फिब्युलाच्या खालच्या टोकाचं एस८९.३ खाली आणि टिबियाचं एस८९.१ खाली. आणि ऑस्टिओपोरोसिस असल्याची नोंद असलेल्या आजी किरकोळ पडून घोटा मोडून आल्या, तर एस८२ ऐवजी एम८० विचारात घ्यावा लागतो: निरोगी हाड एवढ्याशा पडण्याने मोडलं नसतं, असा तो निकष आहे.

सातव्या अक्षरावर थोडं थांबू, कारण माझ्या सुरुवातीच्या महिन्यांतलं एक ऑडिट याच अक्षराने बुडवलं होतं. ‘ए’ म्हणजे पहिली भेट आणि ‘डी’ म्हणजे नंतरची, असं मी धरून चालले होते. एका रुग्णाला आधी इमर्जन्सीत स्प्लिंट लावला होता, चार दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. ती दुसरी भेट म्हणून मी ‘डी’ लावला. चूक. ‘ए’ म्हणजे सक्रिय उपचार चालू आहेत, मग भेट कितवीही असो आणि डॉक्टर कुणीही असो. इमर्जन्सी, शस्त्रक्रिया, नव्या डॉक्टरांनी केलेलं मूल्यमापन, सगळं ‘ए’. सक्रिय उपचार संपून हाड भरून येण्याच्या काळात प्लास्टर बदलायला किंवा तपासणीच्या एक्स-रेला रुग्ण येतो, तेव्हा ‘डी’. बंद फ्रॅक्चर उशिरा भरत असेल तर ‘जी’, जुळलंच नाही तर ‘के’, वाकडं जुळलं तर ‘पी’. इजा बरी झाल्यावर मागे उरलेल्या त्रासासाठी ‘एस’. स्प्रेनला ए, डी, एस एवढीच तीन. उघड्या फ्रॅक्चरची अक्षरं वेगळी आहेत, ती पुस्तकात एस८२ च्या तोंडाशीच दिली आहेत. सहा आठवड्यांनी आपल्याच रुग्णाचा एक्स-रे आला आणि रिपोर्टमध्ये ‘भरत असलेलं फ्रॅक्चर’ असेल, तर एस८२.६५एक्सडी.

चौथी पायरी: इमेजिंगचा कोड

एक्स-रेमध्ये व्ह्यू मोजा. दोन असतील तर ७३६००, तीन किंवा जास्त असतील तर ७३६१०. चार व्ह्यू काढले म्हणून वेगळा कोड नाही. शीर्षकात ‘तीन व्ह्यू’ आणि मजकुरात दोनच वर्णन केलेले, अशी विसंगती दिसली तर अंदाज बांधू नका, डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलाशाची विचारणा, पाठवा. पावलाच्या एक्स-रेचे कोड शेजारचेच, ७३६२० आणि ७३६३०, त्यामुळे हात घसरतो. टाचेसाठी ७३६५०, पूर्ण नडगीसाठी ७३५९०. डॉक्टरांनी स्वतः सांध्यावर ताण देऊन स्ट्रेस व्ह्यू काढला असेल तर ७७०७१.

सीटी आणि एमआरआय यांत एक फरक आहे आणि परीक्षेत तो हमखास विचारतात. सीटीला सांधा आणि बिनसांधा असा भेद नाही: पायाचा सीटी कॉन्ट्रास्टशिवाय (चित्र उठून दिसण्यासाठीचं द्रव्य न देता) ७३७००, कॉन्ट्रास्टसह ७३७०१, आधी शिवाय मग सह ७३७०२. एमआरआयला मात्र आहे. घोटा हा सांधा, म्हणून कॉन्ट्रास्टशिवाय ७३७२१, सह ७३७२२, दोन्ही ७३७२३. पावलाचा मधला भाग पाहिला असेल तर तो सांध्याबाहेरचा, ७३७१८ पासून सुरू होणारी मालिका. शीर्षकात ‘घोटा’ आहे की ‘पाऊल’, आणि निरीक्षणात नेमकं काय पाहिलं आहे, दोन्ही ताडून बघा. सोनोग्राफीला संपूर्ण सांधा ७६८८१, मर्यादित ७६८८२. संपूर्ण म्हणायला रिपोर्टमध्ये सांध्याच्या सगळ्या भागांची नोंद लागते.

एक्स-रे मुळात का काढला, हेही समजून घ्या. कॅनडातल्या ओटावामध्ये इअन स्टिएल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेले ‘ओटावा अँकल रूल्स’ इमर्जन्सीत सर्रास वापरतात. घोट्याजवळ दुखणं आणि त्यासोबत दोहोंपैकी एखाद्या मॅलिओलसच्या मागच्या काठावर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये, किंवा टोकावर हाड दाबल्यावर दुखणं, नाहीतर इजा होताच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं न चालता येणं: असं असेल तर एक्स-रे काढा, असा तो नियम. डॉक्टरांच्या नोंदीत ‘वजन टाकता येत नाही’ असं वाचलं की ते कशासाठी लिहिलं आहे हे आता कळेल. पेयरने (पैसे देणाऱ्या विमा कंपनीने) एक्स-रेची गरज विचारली तर उत्तर त्याच ओळीत असतं.

पाचवी पायरी: मॉडिफायर

एक्स-रेचे पैसे दोन भागांत विभागलेले असतात. मशीन, खोली, तंत्रज्ञ हा तांत्रिक भाग, त्याला टीसी. चित्र वाचून रिपोर्ट लिहिणं हा डॉक्टरांचा भाग, त्याला २६. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मशीन हॉस्पिटलचं असतं, म्हणून रेडिऑलॉजिस्टच्या क्लेमवर २६ आणि जागेचा कोड २३. ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्याच मशीनवर एक्स-रे झाला आणि त्यांनीच वाचला, तर दोन्हींपैकी काहीच लावायचं नाही.

बाजूसाठी आरटी किंवा एलटी. दोन्ही घोटे असतील तर ५० की दोन ओळी, हे पेयरनुसार बदलतं. तुमच्या क्लायंटची सूचनापत्रिका उघडून बघा. त्याच दिवशी तोच एक्स-रे पुन्हा झाला तर त्याच डॉक्टरांसाठी ७६, वेगळ्यांसाठी ७७. मेडिकेअरला (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याला) जुन्या फिल्मवरच्या एक्स-रेसाठी एफएक्स आणि कॅसेटवाल्या कॉम्प्युटेड रेडिओग्राफीसाठी एफवाय लागतं, आणि दोन्हींत पैसे कापले जातात. आता असे चार्ट कमी येतात, पण आले की ओळखता आले पाहिजेत. दोन कोड एकत्र चालतात का हे एनसीसीआय या कोडच्या जोड्यांच्या सरकारी नियमावलीच्या यादीत तपासा. ती दर तिमाहीला बदलते, म्हणून जुना स्क्रीनशॉट जपून ठेवण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी: कसं घडलं

बाह्य कारणांचे कोड देशभर सक्तीचे नाहीत, पण अनेक क्लायंट मागतात. जिन्यावरून पडणं डब्ल्यू१०.९एक्सएक्सए. इथेही वाक्य वाचा: ‘जिन्यावर पाय मुरगळला’ म्हणजे पडणं नव्हे. जागा, कृती आणि नोकरी-फुरसत सांगणारे वाय९२, वाय९३, वाय९९ पहिल्या भेटीलाच, एकदाच. बाह्य कारणाचा कोड कधीही पहिल्या क्रमांकावर नको.

तर आपला चार्ट पूर्ण झाला: ७३६१०-२६-एलटी, निदान एस८२.६५एक्सए, मग एम७७.३२, शेवटी डब्ल्यू१०.९एक्सएक्सए.

सरावाचं म्हणाल तर एका वेळी एकच सांधा घ्या, पन्नास रिपोर्ट हाताने, कागदावर सोडवा, मगच एन्कोडर (कोड शोधून देणारं सॉफ्टवेअर) उघडा. बहुतेक टीम ९५ टक्के अचूकता मागतात. वेग आपोआप येतो, आणि सुरुवातीला वेगामागे लागलेल्यांची अचूकता नंतर दुरुस्त करणं फार कष्टाचं असतं. एएपीसी या अमेरिकेतल्या कोडरांच्या संघटनेची सीपीसी ही प्रमाणपत्र परीक्षा १०० प्रश्नांची, ४ तासांची, ७० टक्क्यांना उत्तीर्ण. पुस्तकं सोबत न्यायला परवानगी असते, म्हणून पुस्तकाच्या कडांना स्वतःच्या हाताने खुणा केलेल्या असाव्यात. पुरेसा अनुभव नसेल तर प्रमाणपत्रावर शिकाऊ असा ‘ए’ लागतो. त्याने खचू नका. आणि रुग्णाच्या चार्टचा फोटो फोनमध्ये कधीच नको, मैत्रिणीला शंका विचारायची असली तरी. नाव, जन्मतारीख, काहीही बाहेर जाता कामा नये.

आता हा दुसरा चार्ट तुम्ही सोडवा. उजव्या घोट्याचा एमआरआय, कॉन्ट्रास्टशिवाय, हॉस्पिटलमध्ये. कारण: तीन आठवड्यांपूर्वी फुटबॉल खेळताना मुरगळला, सूज उतरत नाही, नव्या डॉक्टरांकडून मूल्यमापन. इम्प्रेशन: पुढचं टॅलोफिब्युलर लिगामेंट पूर्ण फाटलेलं, डेल्टॉइडच्या स्प्रेनची शंका.

माझं उत्तर: ७३७२१-२६-आरटी, एस९३.४९१ए. डेल्टॉइड लावलेलं नाही. सातव्या जागी तुम्ही ‘डी’ लिहिला असेल, तर तिसऱ्या पायरीतला शस्त्रक्रियेचा प्रसंग पुन्हा वाचा.